निघायच्या तयारीतली बदकं : मार्चमधलं नांदूर मध्यमेश्वर

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात बहुतेक जण डिसेंबर-जानेवारीत जातात. तेव्हा पक्ष्यांची संख्या सगळ्यात जास्त असते, हे खरंच. तरीही मी सांगेन, एकदा मार्चमध्ये जा. परतीच्या प्रवासाआधीची पाहुण्या बदकांची लगबग तेव्हाच बघायला मिळते.

मी आणि बाबा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मुद्दाम बुधवारी गेलो. पावणेपाचला पंचवटीतून निघालो. संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, मग निफाड, तिथून आत चापडगाव. सव्वा तास लागला. निफाडनंतर गाडी हळू चालवा, अंधारात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना समोर येतात. गाडी नसेल तर निफाडपर्यंत एसटी किंवा रेल्वेने येऊन पुढे रिक्षा ठरवता येते, पण पहाटेची रिक्षा आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यांना आधी पाणी दिसतं, मग पक्षी. काठावर उभं राहिल्या राहिल्या त्यांनी मला जे समजावलं, ते कळल्यावर ही जागा वेगळीच दिसायला लागली. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी हा बंधारा आहे. वरच्या गंगापूर, दारणा अशा धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं, एवढंच त्याचं काम. पण दर पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ इथे बसत गेला आणि त्यातून उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, पाणकणसाची बेटं तयार झाली. थापट्या, तलवार बदक, भिवई बदक ही मंडळी बुडी मारून खाणारी नव्हेत. पाण्यात डोकं खुपसून, शेपटी वर करून चोच जिथवर पोहोचेल तिथलंच खातात. त्यांना असंच उथळ पाणी लागतं. शेतीसाठी बांधलेल्या बंधाऱ्याला 1986 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि पुढे रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ ठरलं, त्याच्या मुळाशी हा गाळ आहे.

म्हणून निघण्याआधी एक चौकशी नक्की करा: कालव्यांचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळ पाणी सोडणं, चालू आहे का? वरून पाणी सोडलेलं असलं की पातळी चढते, चिखल बुडतो आणि शेकाटे, तुतवार असले काठाचे पक्षी पांगतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं. लांब गुलाबी पायांचे शेकाटे अगदी पंधरा-वीस पावलांवर चरत होते.

चापडगावला गावातलीच मुलं गाइड म्हणून येतात, त्यांच्याकडे दुर्बीण आणि मोठा स्कोपही असतो. गाइड घ्याच. मला पक्षी बघायच्या एका मनोऱ्यावरून दुसऱ्याकडे जायची घाई झाली होती, तर आमचे गाइड दादा म्हणाले, "ताई, इथंच बसा. उजेड होऊ द्या, तेच येतील पुढं." बसलो. धुकं उठलं आणि समोर काळे ठिपके दिसायला लागले. ते वारकरी नावाचे पाणपक्षी होते, शेकड्यांनी. काळं अंग आणि कपाळाला पांढरा टिळा. हे नाव ज्याने ठेवलं त्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. सगळे ऐसपैस पसरून खात होते. एवढ्यात पाणकणसावरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, खाली बघत, संथ. क्षणात सगळे वारकरी पाणी उडवत एकमेकांना चिकटले आणि त्यांचा एकच काळा गठ्ठा झाला. त्या गर्दीतून एकट्याला उचलणं भोवत्याला जमेना. दोन घिरट्या घालून तो निघून गेला आणि गठ्ठा हळूहळू सुटत गेला. बाबा एक शब्दही बोलले नाहीत, फक्त माझा हात धरून होते.

भिवई बदकाचा नर मार्चमध्ये बघावा. थंडीच्या सुरुवातीला मळकट दिसणारा हा पक्षी आता विणीच्या पिसाऱ्यात असतो. डोळ्यावरची पांढरी भिवई इतकी ठसठशीत, की साध्या दुर्बिणीतही चुकत नाही. आम्ही तासभर त्यांना पाहिलं, त्यांचं खाणं थांबलं नाही. पुढचा हजारो किलोमीटरचा प्रवास अंगावर साठवलेल्या चरबीवर व्हायचा असतो.

आणि म्हणूनच एका गोष्टीचा फार राग आला. शेजारच्या एका गटातल्या माणसाने उडतानाचा फोटो हवा म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या. सगळा थवा उठला, चकरा मारून दूर जाऊन बसला. दादांनी त्यांना समजावलं, बाबांनीही. कृपा करून पक्ष्यांना उडवू नका, मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नका. खाऊन जमवलेली ताकद अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते.

कपडे मातकट किंवा हिरवट घाला, लाल-पांढरे नकोत. ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. साडेनऊनंतर तळपायला लागतं, तेव्हा टोपी आणि पाणी हवंच. नाश्त्याचा डबा घरूनच न्या. गुडघे दुखणाऱ्यांनी मनोऱ्याचा हट्ट धरू नये. बाबा काठावर घडीच्या खुर्चीत बसले आणि जांभळी पाणकोंबडी त्यांनाच आधी दिसली. ती एका पायात देठ धरून पोपटासारखी सोलून खात होती.

बदकं जाताना दिसतात का, असं मी दादांना विचारलं. "नाही ताई. ती रात्रीची जातात. संध्याकाळी इथं असतात, सकाळी बघावं तर पाणी मोकळं."

निघताना बाबांनी त्यांचा नंबर लिहून घेतला. दिवाळीच्या सुमारास पहिली बदकं उतरली की फोन करा, म्हणाले.