हातोडा उसळतो तेव्हा

मिलिंगवरून, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या मशीनवरून, आलेल्या पोलादी ठोकळ्यांवर इन्स्पेक्शनने लाल फुल्या मारायला सुरुवात केली, तेव्हा पहिला संशय अण्णांवर गेला. अण्णा आमच्या शॉपमधले सर्वांत जुने ऑपरेटर, निवृत्ती जवळ आलेली. सकाळच्या पाळीत त्यांच्या हातून निघालेले बरेच ठोकळे समांतरपणात नापास होत होते आणि दुपारच्या पाळीतल्या तरुण ऑपरेटरचे मात्र एकजात पास. मशीन तेच, ठोकळा जबड्यांत आवळून धरणारा व्हाइस तोच, कटरही तोच. अशी मांडणी समोर आली की बोट कुणाकडे जाणार हे ठरलेलंच. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, एकदा डोळे तपासून घ्या." अण्णांनी उत्तर दिलं नाही. ते खाली मान घालून जॉब पुसत राहिले. मला ते बघवलं नाही.

मी टूलरूम सांभाळतो. व्हाइस, पॅरलल म्हणजे जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या, डायल म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, हातहत्यारं या सगळ्याची जबाबदारी माझी. माणसाला दोष देण्याआधी त्याच्या हातात दिलेलं सामान निर्दोष आहे का, हे बघणं माझं काम. सुपरवायझरना म्हटलं, "आजचा दिवस मला द्या. तोवर अण्णांच्या नावावर काही लिहू नका." ते तयार झाले.

जॉब तसा साधा होता. 120 × 60 × 40 मिलिमीटरचा ठोकळा, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. खालची बाजू आधीच ग्राइंड केलेली. ती दोन पॅरललवर टेकवायची, व्हाइस आवळायचा, वरून ठोकून जॉब पॅरललवर पक्का बसवायचा आणि वरची बाजू मिल करायची. दोन्ही बाजू एकमेकींना 20 मायक्रॉनच्या आत, म्हणजे 0.02 मिलिमीटरच्या आत समांतर हव्यात. नापास ठोकळ्यांत हा फरक कुठे 35 मायक्रॉन होता, कुठे 50, तर एकात 70.

आधी मशीन तपासलं. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला डायल लावून टेबलावर गोल फिरवला, काटा जेमतेम हलला. व्हाइसच्या तळावर डायल फिरवला, तोही सरळ. पॅरललची जोडी मोजमापाच्या सपाट सरफेस प्लेटवर नेऊन मोजली, दोन्हींची उंची सारखीच. कडांना बर, म्हणजे उचललेली धातूची किनार, नाही, खाली बुरादा नाही. इतकं सगळं चोख निघाल्यावर कुणीही म्हणेल की मग दोष माणसाचाच.

पण मला ते वेगवेगळे आकडे खटकत होते. स्पिंडल कललेलं असतं तर प्रत्येक ठोकळ्यात जवळजवळ सारखाच फरक आला असता. मशीनची चूक इमानदार असते, ती रोज तेवढीच आणि त्याच दिशेला होते. इथे दर ठोकळ्याला नवा आकडा. म्हणजे जी गोष्ट प्रत्येक जॉबला नव्याने घडते, तिथेच पाणी मुरत होतं: जॉब बांधताना.

अण्णांना म्हटलं, व्हाइसमधून काढण्याआधी प्रत्येक ठोकळ्याच्या सरकत्या जबड्याकडच्या बाजूला मार्करने खूण करा. मग ते ठोकळे मोजले. फरक कमीजास्त होता, पण पातळ निघालेली बाजू दर वेळी खुणेचीच. म्हणजे कटिंगच्या वेळी जॉबची ती बाजू पॅरललपासून उचललेली राहत होती. कटर सपाटच कापत होता. उचललेल्या बाजूचं जास्त कापलं जायचं आणि व्हाइस सोडला की ती बाजू पातळ ठरायची.

सरकता जबडा जॉब उचलतो, ही काही नवी गोष्ट नाही. स्क्रूचा रेटा खालच्या अंगाला लागतो आणि जॉबचा विरोध वरच्या अंगाला. त्यामुळे जबडा कलंडू बघतो आणि मार्गात असलेल्या बारीक फटीएवढा तो कलंडतोच. त्याच्यासोबत जॉबची ती बाजूही वर ओढली जाते. म्हणून तर आवळल्यावर वरून ठोकायचं. हे अण्णांना मी काय सांगणार? त्यांनीच ते अर्ध्या शॉपला शिकवलेलं.

मग मी डायल थेट जॉबच्या वर, सरकत्या जबड्याच्या कडेजवळ लावला. जॉब सैल असताना पॅरललवर नीट टेकवून काटा शून्यावर आणला आणि अण्णांना नेहमीसारखं बांधायला सांगितलं. व्हाइस आवळताच काटा 45 मायक्रॉन वर चढला. अण्णांनी ट्रेमधला हातोडा उचलला आणि ठोका दिला. काटा थरथरला, खाली गेला आणि परत वर येऊन तिशीपाशी थांबला. दुसऱ्या ठोक्यानंतर 15. तिसऱ्यानंतर पुन्हा 40.

आणि मी हातोड्याकडे बघितलं. काळा रबरी हातोडा होता. प्रत्येक ठोक्यानंतर तो अण्णांच्या हातात टुणकन उसळून वर येत होता.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "नेहमीच्या डेड ब्लो हातोड्याचं कवच फाटलं, आतले छर्रे ट्रेमध्ये सांडायला लागले. स्टोअरला कळवलं. नवीन येईपर्यंत हा वापरा म्हणाले. हा हाताला लागत नाही, असं मी दोनदा सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मागणीच्या वहीत त्यांच्या अक्षरातली नोंदही सापडली. तो हातोडा पत्र्याची कव्हरं बसवणाऱ्यांच्या बाकावरचा होता, आणि त्या कामाला उत्तम होता.

दुपारच्या पाळीच्या मुलाला लवकर बोलावून घेतलं. त्याला विचारलं तर त्याने आपली पेटी उघडून तांब्याचा हातोडा काढला. स्वतःचा, घासून गुळगुळीत ठेवलेला. ट्रेमधल्या हातोड्याला त्याने कधी हातच लावला नव्हता. दोन पाळ्यांत फरक होता तो एवढाच. त्याच जॉबवर, त्याच डायलखाली अण्णांनी तांब्याच्या हातोड्याने ठोकलं आणि दुसऱ्या ठोक्याला काटा शून्याजवळ येऊन जो थांबला तो हलला नाही. सुपरवायझर पाठीमागे उभे राहून बघत होते.

आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेली एक मुलगी तिथेच उभी होती. तिने विचारलं, "सर, मग रबरीच हातोडा जरा जोरात मारला तर?" प्रश्न फार चांगला होता. बरेच जण तेच करतात.

रबर दबतं. त्यामुळे घाव एका क्षणात न पोचता लांबतो, आणि तीच ऊर्जा जास्त वेळावर पसरली की कुठल्याही एका क्षणाचा जोर कमी भरतो. जबड्यांच्या पकडीत अडकलेला जॉब घर्षण तोडून खाली सरकायला जोराची एक पातळी ओलांडावी लागते. त्या पातळीखालच्या कितीही थापा मारल्या तरी जॉब तात्पुरता दबतो आणि स्प्रिंगसारखा परत येतो. दबलेलं रबर आपल्यात साठवलेली बरीच ऊर्जा उसळीच्या रूपाने परत करतं, म्हणजे आपण घातलेले कष्ट आपल्याच मनगटाकडे येतात. आणि खरोखर जोरात मारलं, तर जॉब पॅरललवर आदळतो. पोलादावर पोलाद आदळलं की तेही उसळतं. मग कधी 15, कधी 40, जिथे थांबेल तिथे.

डेड ब्लोचं डोकं आतून पोकळ असतं आणि ती पोकळी छर्ऱ्यांनी अर्धवट भरलेली असते. डोकं जॉबवर आपटून मागे फिरणार, तेवढ्यात पुढे धावत असलेले छर्रे आतल्या भिंतीवर येऊन धडकतात आणि त्याला तिथेच दाबून धरतात. घाव थोडा लांबतो, पण उसळी मरते. बाहेरचं कवच प्लास्टिकचं असल्याने जॉबवर वण उठत नाही. जॉब बसवायला याच्याइतकं चांगलं हत्यार मी तरी पाहिलेलं नाही. तांब्याचा हातोडा वेगळ्या रीतीने तेच साधतो. तो जड असतो, घाव छोटा आणि नेमका पडतो, आणि पोलादाहून मऊ असल्याने दबतो तो स्वतः, जॉब दबत नाही.

तिला अण्णांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मलाही त्या दिवशीच नीट उमगली. ठोकल्यावर पॅरलल बोटाने हलवून बघायचा, हलला तर जॉब टेकलेला नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. अण्णाही रोज ते करत होते आणि पॅरलल घट्ट लागत होता. पण सकाळपासून कूलंट, म्हणजे कापताना सोडायचा थंडाव्याचा द्रव, चालू असल्याने सगळं ओलं होतं. कूलंटच्या त्या पातळ थराने पॅरलल जागीच चिकटून राहतो आणि वर फट असली तरी बोटाला घट्ट वाटतो. अण्णांनी सगळं कोरडं पुसून पुन्हा बांधलं, रबरी हातोड्याने ठोकलं, आणि सरकत्या जबड्याकडचा पॅरलल सहज सरकला.

सुपरवायझर आता दुसऱ्या टोकाला गेले. म्हणाले, "रबरी हातोडे सगळे जमा करा. शॉपभर फक्त डेड ब्लोच ठेवू." मला हे मुळीच पटलं नाही. दुपारी टूलरूमच्या बाकावर होते तेवढे हातोडे मांडले आणि त्यांना बोलावलं.

रबरी हातोडा रंग दिलेलं कव्हर त्याच्या खाचेत बसवताना लागतोच. तिथे वण उठता कामा नये आणि जोरही फार नको असतो. पत्रा वाकवायला मात्र लाकडी मोगरी. पोलादी हातोडीने पत्र्यावर मारलं की तिच्या आणि खालच्या लोखंडाच्या मध्ये पत्रा चेपला जातो, पातळ होतो आणि पसरतो. मग सपाट जागी फुगवटा येतो आणि तो घालवता घालवता दिवस जातो. मोगरी पत्र्याला चेपत नाही, नुसती वळवते.

ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या पॅटर्नशॉपचे सुतार तर लाकडी मोगरीशिवाय पटाशीला हात लावत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पोलादी हातोडीने लाकडी मुठीचं टोक झिंजतं आणि शेवटी मूठ चिरते. मुठीला वरून लोखंडी कडं असेल तर गोष्ट वेगळी. मोगरीचं रुंद तोंड मुठीवर सहज पडतं, त्यामुळे नजर पटाशीच्या धारेवर ठेवता येते. चांगल्या मोगरीची दोन्ही तोंडं किंचित तिरकी कापलेली असतात, कारण हात कोपरातून कमानीत फिरतो आणि घाव त्या कमानीतून येऊनही सपाट पडावा लागतो. दांड्याचं भोकही वर रुंद, खाली अरुंद ठेवतात, म्हणजे प्रत्येक फटक्याबरोबर डोकं दांड्यावर आणखी घट्ट बसतं. न खिळा, न पाचर. हे ज्याने पहिल्यांदा केलं असेल त्याच्या हाताला माझा नमस्कार.

एवढ्यात मेंटेनन्सचा फिटर आला. त्याला बेअरिंग बसवायचं होतं आणि त्याने बाकावरचा तांब्याचा हातोडा उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. बेअरिंगवर तांबं, पितळ, शिसं काहीच थेट चालत नाही. मऊ धातूचे कण तुटून आत जातात आणि कड्यांमधली गोळ्यांची वाट खराब करतात. बेअरिंगची कडी कडकपणाच्या मापात साधारण 60 रॉकवेल सी इतकी कडक, त्यामुळे पोलादी हातोडी थेट मारली तर तिचा तरी टवका उडतो नाहीतर कड्याचा, आणि तो डोळ्यात जातो. बाहेरच्या कड्यावर मारून आतलं कडं शाफ्टवर चढवलं तर सगळा घाव गोळ्यांमधून जातो आणि वाटेवर खड्डे पडतात. बेअरिंग बसतं, फिरतंही, आणि काही दिवसांनी आवाज करायला लागतं. शाफ्टवर घट्ट बसणारं कडं आतलं असेल तर फक्त त्याच कड्यावर टेकणारी, सरळ कापलेली नळी ठेवायची आणि त्या नळीवर डेड ब्लोने मारायचं. मोठं बेअरिंग असेल तर ठोकाठोक सोडून 110 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं, ते अलगद सरकतं.

सुपरवायझर बराच वेळ ऐकत होते. मग ते उठले, मिलिंगवर गेले आणि ज्यांच्यासमोर सकाळी बोलले होते त्यांच्यासमोरच अण्णांना म्हणाले, "तुम्ही दोनदा सांगितलं होतं, ते आम्ही ऐकलं नाही. माझं चुकलं." अण्णा म्हणाले, "नवा हातोडा कधी येतोय ते सांगा." उरलेले ठोकळे त्यांनी त्या मुलाचा तांब्याचा हातोडा मागून घेऊन केले आणि ते सगळे पास झाले. फुल्या मारलेल्यांपैकी ज्यांत वर माल शिल्लक होता ते ग्राइंडिंगला पाठवून वाचवले, बाकीचे भंगारात गेले.

आता प्रत्येक मशीनच्या ट्रेमधला हातोडा माझ्या यादीत आहे. डेड ब्लोचं कवच मी हात फिरवून बघतो, कुठे चीर दिसली की तो बाद. नायलॉनचं तोंड असलेल्या हातोड्यात बुरादा रुतलेला असेल तर तोंड बदलायचं, नाहीतर तेच कण पुढच्या जॉबला ओरखडे काढतात. तांब्याचे हातोडे ठोकून ठोकून कडक होतात आणि त्यांच्या कडा छत्रीसारख्या पसरतात. त्या घासून काढायच्या आणि डोकं मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचं, म्हणजे तांबं पुन्हा मऊ होतं. ॲल्युमिनियमच्या जॉबला मात्र तांबं लावू देत नाही, तिथे डेड ब्लोच. यावरून दुपारच्या पाळीच्या त्या मुलाशी माझा अजून वाद चालू आहे. मध्ये पुठ्ठा ठेवला की तांबं चालतं, असं त्याचं म्हणणं आहे. पुढच्या आठवड्यात ॲल्युमिनियमचा लॉट येतोय, तेव्हा दोन्ही तऱ्हा डायलखाली करून बघायचं ठरलंय. डायल अण्णा लावणार आहेत.