मोडीत न गेलेलं

जुन्या वस्तू मांडलेल्या दिसल्या की माझी आई चिडते. "हे त आपल्याकडेबी व्हतं!" असं ती आधी म्हणते, आणि मग जरा हळू आवाजात, "मोडीत देलं."

मे महिन्यात तिला जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात घेऊन गेले. बहिणाबाईंचं सासरचं घर आता 'बहिणाई स्मृती संग्रहालय' म्हणून जपलंय. बाहेर जळगावचं ऊन होतं, म्हणजे रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत गेल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली, मग हळूहळू रोजच्या वापरातलं एकेक दिसायला लागलं. स्वयंपाकाचं, शेतीचं, देवाचं. आईचं सुरू झालं.

आमच्या घरातलं पितळ कसं गेलं ते मला लख्ख आठवतं. घागर, परात, कळशी असं सगळं तराजूत चढलं आणि त्याचे स्टीलचे डबे झाले. जरीच्या लुगड्यांची बोहारणीकडून पातेली झाली. कोणाला वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी घर उजळल्यासारखं वाटलं होतं. खापर तेवढं राहिलं, कारण अक्षय्य तृतीयेला मांडे करायला दुसरं काही चालत नाही. वस्तू टिकायला प्रेमच लागतं असं नाही, पुष्कळदा एखादी अंधारी अडगळीची खोली पुरते. आमच्याकडे ती नव्हती.

पण बहिणाबाईंच्या घरातला खरा ऐवज अडगळीतही सापडला नसता. असोद्याच्या महाजनांची ही लेक, जन्म १८८० चा, तेराव्या वर्षी चौधरींच्या घरी आली. लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना ओळी सुचायच्या आणि हवेत जायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ कानावर पडेल ते टिपून ठेवायचे, म्हणून काही उरल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बाई गेल्या. त्या टिपणांची वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्याच प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पुढे जळगावच्या सगळ्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, ते २०१८ मध्ये. सोपानदेव घरात नसताना किती पायल्या दळल्या गेल्या असतील, कोण जाणे. त्यातलं पीठ तरी खाल्लं गेलं.

आई जात्यापाशी बराच वेळ उभी होती.

"तुझी आजीबी म्हनायची," ती म्हणाली.

"काय म्हणायची?"

"चाल आठवते." तिनं नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणून पाहिलं, दोनदा. दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीला अडली. "शब्द नाही राह्यले."

मी तोवर मोबाइल काढला होता. चाल टिपावी म्हणून. तिनं तो पाहिला आणि गप्पच झाली. सोपानदेवांना हे कसं जमलं असेल? आईसमोर कागद-पेन्सिल दिसू न देता लिहायचे की काय?

परतताना रिक्षात तिनं अचानक विचारलं, "आपलं जातं कुठी हाय वं?"

जातं होतं. वरची तळी घर बांधताना पायाच्या भरावात गेली. खालची मोरीपुढे पालथी पडलेली. तीस वर्षं आम्ही तिच्यावर टाचा घासतोय. घरी आल्या आल्या आईनं भावाला ती उलटी करायला लावली. खाली चिखल, दोन गांडुळं, आणि पाण्यानं धुतल्यावर टाकीचे घाव. दळायला अजून चाललं असतं इतके खरखरीत. आईनं त्यावरून बोटं फिरवली, मधल्या भोकातली माती काडीनं कोरून काढली, पदरानं दगड पुसला.

आता हे दिवाणखान्यात येणार, याला तेल लागणार, असा माझा अंदाज. मी जागाही हेरून ठेवली होती, टीव्हीशेजारी.

"ठेव पालथं," ती भावाला म्हणाली. "सांजच्याले पाय कशावर धुवू?"