मुटका

भाच्याला बढती मिळाली आणि त्याने विचारलं, "मावशी, काय खाणार?" मी म्हटलं, मासे. जुलै महिना चालू होता. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी, बाजारात सगळा बर्फातला माल, आणि पुढे श्रावण दारात उभा. माझ्या डोळ्यांसमोर होती सुरमईची जाड तुकडी, रवा लावलेली. त्याने मला नेलं लोअर परळच्या एका गल्लीत, जपानी सुशी खायला.

जागा केवढी, तर गिरगावातल्या आमच्या जुन्या खोलीएवढी. आठ खुर्च्या, समोर एक लांब लाकडी फळी आणि फळीपलीकडे आचारी. बाहेर धो धो पाऊस, आत कुजबुजत बोलणारी माणसं. मेन्यूकार्ड मागितलं तर नाहीच म्हणे. याला 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. आचारी देईल ते निमूट खायचं. आईकडे मी लग्न होईपर्यंत हेच केलं, फक्त तेव्हा शेवटी बिल येत नसे.

कच्च्या माशाची धाकधूक होतीच. मालवणची आजी म्हणायची, "कच्चे मासे मांजर खाता, तेका चूल नाय म्हणान."

आचारी दार्जिलिंगकडचा, तिशीतला मुलगा. हिंदी मात्र अस्सल मुंबईची. मी त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघत होते. बोटं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून त्याने एक हलकी टाळी वाजवली, जास्तीचं पाणी झटकलं. लाकडी पातेल्यातून लिंबाएवढा भात उचलला. तो उजव्या हातात गोल होतोय तोवर डाव्या बोटांवर माशाची चकती आली होती, तिच्यावर वासाबीच्या हिरव्या चटणीचं बोट फिरलं होतं. मग भात चकतीवर, दोन बोटांनी दाब, उलटवून पुन्हा दाब. वर ब्रशने सोया सॉसचा एक हात, आणि माझ्यासमोर ठेवला.

अगं बाई, हा तर मुटका!

उगीच नाही म्हणत. या प्रकाराचं नाव 'निगिरी', आणि जपानीत 'निगिरु' म्हणजे मुठीत धरणं, आवळणं. आपण मुठीत वळतो म्हणून मुटका, ते मुठीत वळतात म्हणून निगिरी. पुढचं भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवलं, ते मला अजून सुटत नाही. सुशीच्या भाताला तिथले आचारी 'शारी' म्हणतात. हा शब्द बुद्धाच्या अस्थींसाठीचा. पांढरे, बारीक, जपून ठेवण्याजोगे कण म्हणून भाताला तेच नाव पडलं. आणि मुळात तो आपला संस्कृत 'शरीर'! इथून निघाला, चीनमार्गे जपानला गेला, आणि आता लोअर परळला माझ्या पुढ्यात व्हिनेगर लावून बसला होता. भात होताही अंगाइतकाच कोमट. तो तसाच असावा लागतो.

मी मात्र पहिल्याच मुटक्याची वाट लावली. चॉपस्टिकने धरला, सोया सॉसमध्ये भातच बुडवला, आणि सभ्यपणे अर्धाच चावायला गेले. उरलेला अर्धा वाटीत कोसळला. आचारी हसला नाही. म्हणाला, "मॅडम, हाथ से खाओ ना. एक बार में. और अभी." हाताने खाल्लेलं इथे रीतसर चालतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर! सॉस लावायचाच तर माशाच्या बाजूने, भाताच्या नाही. भात सॉस पिऊन फुटतो.

शेजारची मुलगी प्रत्येक घासाचे चार-चार फोटो काढत होती. आचारी तिच्याकडे बघे, मग भाताकडे बघे. मला त्याचं दुःख कळत होतं. गरम भाकरी ताटात पडलेली असताना कुणी फोनवर बोलत बसलं की मीही अशीच बघते.

सामन आला तेव्हा भाचा म्हणाला, "हा आपला रावस." रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात खरं, पण दोघांचं दूरचंही नातं नाही. कोळणीसमोर असलं काही बोलशील तर मार खाशील, म्हटलं. वासाबीचा झणका जिभेला लागलाच नाही, थेट नाकात चढला, डोळ्यांत पाणी आणून तितक्याच झटकन उतरला. फेसलेली मोहरी! लोणच्यासाठी आई मोहरी फेसायची तेव्हा वाटीशी नाक नेलं की हेच व्हायचं. दोन्हींतला झणझणीत अर्क एकच आहे म्हणे. आणि बहुतेक ठिकाणी मिळणारी वासाबी ही खरी वासाबी नसतेच, हॉर्सरॅडिशच्या मुळाला हिरवा रंग दिलेला असतो.

मग आला तो मासा बघून मी खुर्चीतल्या खुर्चीत सरसावले. निळसर पाठ, चांदीचं पोट. बांगडा! "साबा," आचारी म्हणाला. बांगड्याचा चुलतभाऊच, एकाच कुळातला. हा अगदी कच्चाही नव्हता. आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. आम्ही मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवतो ना, त्यातलाच प्रकार, फक्त पुढे तवा नाही. तोंडात आधी आंबट, मग भाताचा बारीक गोडवा, आणि सगळ्यात शेवटी बांगड्याची ती तेलकट, उग्र, ओळखीची चव. मी डोळे मिटले. तिरफळ हवं होतं, एवढंच.

"एक और?" आचाऱ्याने विचारलं. नियमात बसत नसावं, पण त्याने वळला. ओळखदेख नसलेला तो मुलगा माझ्यासाठी एकेक घास वळत होता, मी तो गिळेपर्यंत थांबत होता, आणि मगच पुढचा हातात घेत होता. असं कुणी भरवल्याला किती वर्षं झाली, ते मी मोजत बसले नाही. भाच्याला फक्त एवढंच म्हटलं, की चिऊचा घास झाला, काऊचा राहिला.

शेवटी त्याने समुद्री शेवाळाच्या कुरकुरीत पापुद्र्यात भात आणि मासा गुंडाळून सुरळी केली. ती ताटलीत ठेवली तर मऊ पडते, म्हणून फळीवरून थेट हातात देतात. त्याने हात पुढे केला आणि मी, काही न सुचून, उजव्या हाताची ओंजळ करून खाली डावा हात धरला, तीर्थ घ्यायला धरतो तसा. भाचा फिसकन हसला. सुरळी संपवली, आणि सवयीने तो हात डोक्यावरून फिरवणार, इतक्यात बोटांना माशाचा वास आला.