रेतीवरचा इग्वाना

जूनच्या तोंडावर आमच्या जनावरांच्या दवाखान्यात घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणाची गर्दी असते. त्या गर्दीत एक पोरगा क्रेट घेऊन आला, झाकण उघडलं आणि माणसं मागं सरली. "घोरपड होय!" घोरपड पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, म्हणून आधी तेच पाहिलं. गळ्याखाली लोंबती झालर, पाठीवर काट्यांची रांग, कानाखाली मोठा गोल खवला. इग्वाना होता, मध्य-दक्षिण अमेरिकेतला. केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर असे परदेशी प्राणी नोंदवावे लागतात; त्या नोंदणीचा कागद पोरानं न मागता पुढं केला, ते मला फार आवडलं.

"साहेब, खात नाही, संडास करत नाही."

पोट चाचपलं तर मागच्या बाजूला कडक गोळा लागला. क्रेटमध्ये वर्धा नदीची चाळलेली रेती होती.

"सरडा म्हटलं का रेतीच लागते ना?"

त्याचा हा समज अनेकांचा असतो. पण इग्वाना झाडावर राहणारा, पाला खाणारा प्राणी. जीभ बाहेर काढून तो भोवतालचा वास घेतो, आणि ओला पाला रेतीवर ठेवला की घासाघासाला रेती पोटात जाते. त्यात घरची पेटी काचेची. काचेतून येणाऱ्या उन्हात त्याला लागणारे अतिनील किरण जवळजवळ उरतच नाहीत, मग कॅल्शियम कमी पडतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. रेती तिथंच साचते.

आमच्याकडं एक्स-रे नाही. गावातल्या एका केंद्रवाल्यानं माणसांचे पेशंट संपल्यावर काढून दिला. मागच्या आतड्यात पांढराशुभ्र पट्टा. आतडं पूर्ण बंद झालेलं नव्हतं, म्हणून ऑपरेशनची घाई केली नाही. सलाईन, कॅल्शियम, आणि अंदाजे 30 अंशांच्या कोमट, उथळ पाण्यात रोज बसवणं. पोरानं घरी हे सगळं निगुतीनं केलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला, आवाजच सांगत होता: रेती पडली, सोबत पांढरा लघवीचा भागही.

पुन्हा आले तेव्हा वडील सोबत होते. "रेती नाही तर सोयाबीनचं कुटार टाकू का? घरचंच आहे."

कुटारही नको, आरामशीनचा भुसाही नको. तेही पोटात जातं, शिवाय ओलं झालं की बुरशी धरते. जुनं वर्तमानपत्र अंथरा, घाण झालं की बदला. नाहीतर गुळगुळीत फरशी बसवा. पाला वाडग्यात द्या, चढायला जाड फांदी ठेवा. उन्हात न्यायचा तर जाळीच्या पिंजऱ्यात, सकाळी, अर्धी सावली ठेवून. विदर्भाच्या उन्हात बंद काचेची पेटी त्याचा जीव घेईल.

वडिलांनी तिथंच विचारलं, "शेवग्याचा पाला चालते का?" चालतो, इतर पाल्यात मिसळून.