पावती कुणाच्या नावाने?

जानेवारीत सुट्टीसाठी लालबागला आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माघी गणपतीची वर्गणी मागायला चाळीतली मुले दारात उभी राहिली. पावतीपुस्तक उघडून एकाने विचारले, "आजी, पावती कुणाच्या नावाने फाडू?" नेमके त्याच वेळी मी आईला न्यू जर्सीतल्या नाताळच्या खेळण्यांविषयी सांगत होते आणि तिचाही प्रश्न तोच होता: लोक एवढी खेळणी देतात, तर कोणी दिली हे त्या मुलांना कळते कसे? कळत नाही, असे मी म्हटले तेव्हा तिने चहाचा कप खाली ठेवला. ते कळू नये यासाठी तिकडे केवढी खटपट केली जाते, हे मलाही तिथे जाऊन बरीच वर्षे होईपर्यंत समजले नव्हते.

नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंग उरकले की ग्रंथालये, बँका, दुकाने, अगदी अग्निशमन केंद्रांच्या दारातही पुठ्ठ्याची मोठी खोकी दिसू लागतात. खोक्यावर सूचना असते: खेळणे नवे हवे आणि ते गिफ्ट पेपरात गुंडाळलेले नको. पहिल्या वर्षी मी ती सूचना न वाचताच मुलाच्या लहानपणच्या मोटारी स्वच्छ पुसून घेऊन गेले होते, आणि तिथल्या बाईंनी त्या अत्यंत नम्रपणे परत केल्या. मला राग आला. मोठ्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा शेजारच्या बाळाला, अशा घरात वाढलेल्या माणसाला चांगल्या वस्तूला नाही म्हणणे हा माजच वाटतो.

त्यामागचा इतिहास पुढे कळला. यातला सर्वांत प्रसिद्ध उपक्रम म्हणजे 'टॉईज फॉर टॉट्स'. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकी सैन्यातल्या मरीन कोअरच्या राखीव दलातले मेजर बिल हेंड्रिक्स यांच्या पत्नी डायान यांनी हाताने शिवलेली कापडी बाहुली त्यांच्याकडे दिली आणि गरजू मुलांना खेळणी पोहोचवणाऱ्या एखाद्या संस्थेत ती द्यायला सांगितले. अशी संस्था त्यांना सापडली नाही, तेव्हा 'मग तुम्हीच सुरू करा' असे त्या म्हणाल्या, आणि त्या नाताळात हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५,००० खेळणी जमवली. पुढच्याच वर्षी हे काम देशभर पसरले. १९७९ पर्यंत तिथेही जुनी खेळणी चालत. राखीव दलाचे सैनिक ती दुरुस्त करून, रंगवून देत असत. मात्र सैनिकांना प्रशिक्षणातून तेवढी सवड मिळेनाशी झाली, जुन्या खेळण्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही उभा राहिला आणि १९८० पासून फक्त नवी खेळणी घेण्याचे ठरले.

नवे का, हे असे कळले. पण गुंडाळलेले का नको, याचे उत्तर मला एका चर्चच्या तळघरातल्या सभागृहात मिळाले. आमच्या मराठी मंडळातल्या काही जणी दर डिसेंबरमध्ये तिथे वर्गवारीच्या कामाला जातात. वयाप्रमाणे टेबले मांडलेली असतात: दोन वर्षांपर्यंतची बाळे, मग तीन ते पाच, सहा ते आठ, आणि असे करत शेवटचे बारा वर्षांवरचे. पाच वर्षांच्या मुलांचे टेबल ओसंडून वाहते, कारण गोंडस खेळणे विकत घेण्यात देणाऱ्यालाही मजा असते. चौदा वर्षांच्या मुलाला काय द्यावे हे कोणालाच सुचत नाही, म्हणून शेवटच्या टेबलावर दोन फुटबॉल आणि काही लोकरी टोप्या पडून असतात. मी आता फक्त त्या टेबलासाठी खरेदी करते. कंपन्यांचे लोक खेळण्यांच्या ढिगापुढे उभे राहून फोटो काढून जातात तेही तिथे पाहिले आहे, आणि जानेवारी उजाडताच खोकी नाहीशी होतात तेव्हा भाड्याच्या चिंतेत असलेल्या घरांचे पुढे काय, हा प्रश्नही मला पडतो.

वाटपाच्या दिवशी मुलांना आणायचे नसते. आईवडील ठरल्या वेळी येतात आणि दुकानात फिरावे तसे टेबलांमधून फिरून स्वतः निवड करतात. गेल्या डिसेंबरमध्ये एक गृहस्थ बराच वेळ एका खोक्याची मागची बाजू वाचत उभे होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "याला सेल वेगळे घ्यावे लागतात का?" टेबलापलीकडच्या निवृत्त शिक्षिकेने काही न बोलता खणातून चार सेल काढले आणि चिकटपट्टीने खोक्याला चिकटवून दिले. बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात गिफ्ट पेपरची गुंडाळी आणि एक मोठी काळी पिशवी दिली जाते. आरपार दिसणार नाही अशीच पिशवी मुद्दाम निवडलेली असते, म्हणजे घराच्या दारात मुले समोर आली तरी आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. रात्री मुले झोपल्यावर आईवडील स्वतःच्या हाताने खेळणी गुंडाळतात. सकाळी मुलाला ते सांताक्लॉजकडून किंवा बाबांकडून मिळते. आमचे मंडळ, ते चर्च आणि खोके ठेवणारी बँक यांचा तिथे मागमूसही नसतो.

हे सगळे ऐकून आईने वर्गणीच्या मुलाला मात्र ठणकावून स्वतःचे पूर्ण नाव लिहायला सांगितले. "वर्गणी हा आपला हिस्सा असतो. त्याचा हिशेब फळ्यावर लागलाच पाहिजे. ते दान नव्हे," असे ती मला म्हणाली. मुले पुढच्या दाराकडे गेली, आणि मला एकदम १९८२ ची दिवाळी आठवली. जानेवारीत सुरू झालेला गिरण्यांचा संप मिटला नव्हता आणि चाळीतल्या निम्म्या घरांत पगार बंद होता. बाबा बेस्टमध्ये असल्यामुळे आमच्या घरी फराळ झाला होता. आईने पितळेचा डबा भरून माझ्या हाती दिला आणि तळमजल्यावरच्या काकूंना काय सांगायचे ते माझ्याकडून दोनदा घोकून घेतले: "काकू, आई म्हणते चकलीत मीठ जास्त झालंय का, ते जरा चाखून सांगा." त्यांना तीन मुले होती. काकूंनी डबा ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो घासून, त्यात मूठभर साखर घालून परत पाठवला. निरोप होता की मीठ अगदी बेताचे आहे.

मी आईला विचारले, "नुसतं चाखायला अख्खा डबाभर चकल्या पाठवायचीस?"

"अगं, एका चकलीत काय कळतं?" ती म्हणाली आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेली.