घाट म्हणजे नदी नव्हे

पहिल्यांदा बॅटरीचा लाल दिवा लागला. कुंभार्ली घाट उतरायला घेऊन जेमतेम दोन वळणं झाली होती. जुलै महिना, समोर दाट धुकं. चिपळूण पंचवीस-तीस किलोमीटरवर, म्हणून मी त्या दिव्याकडे काणाडोळा केला. पुढच्या वळणावर स्टिअरिंग जड झालं आणि मग तापमानाचा काटा वर सरकू लागला. तेव्हा उमगलं, पट्टा तुटला. आमच्या जुन्या डिझेल गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि पाण्याचा पंप ही तिन्ही कामं एकच पट्टा करतो. पाणी फिरायचं थांबल्यावर गाडी तशीच रेटली तर इंजिनाचं हेडच वाकायचं. डोंगराच्या अंगाला गटारालगत थोडी जागा होती, तिथे गाडी घातली. पावणेबारा वाजले होते. शेजारी बहात्तर वर्षांची आई, मांडीवर डबा.

धोक्याचा लाल त्रिकोण मागे पन्नासेक पावलांवर ठेवला, पण धुक्यात तो कोणाला दिसणार? म्हणून आपल्याकडच्या रीतीप्रमाणे झाडाची फांदी तोडून आडवी टाकली आणि पाच दगड मांडले. हॅझर्डचे दिवे चालू ठेवले. बॅटरी चार्ज होत नव्हती, पण बॅटरी उतरलेली परवडते, मागून ट्रक बसलेला नाही.

इथे एक मोह होतो आणि तो मलाही झाला. पुढे सगळा उतारच आहे, इंजिन बंद ठेवून न्यूट्रलमध्ये सोडली तर घाटाखालच्या पोफळीला पोचू की! एक ट्रकवाला विचारपूस करायला थांबला होता, त्याला तसं बोललो. तो म्हणाला, "साहेब, इंजिन बंद असल्यावर दोनदा ब्रेक लागंल. तिसऱ्या टायमाला दार उघडून पाय टेकवायचा." ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असतानाच तयार होतो, बंद झाल्यावर एक-दोन दाबांपुरता उरतो. मी चावी काढून खिशात टाकली.

मोबाइलला रेंज वरच्या वळणावर, तीही एक कांडी. पुणे-सातारा रस्त्यावर असतो तर महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ लावला असता, तिथे टोलनाक्यावरून क्रेन येते. इथे भरवसा होता विम्यासोबत घेतलेल्या रोडसाइड असिस्टन्सचा. दरवर्षी त्याचे पैसे भरतो, वापर कधीच नाही. फोन लागला. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, सगळं झालं. मग बाई म्हणाल्या, "लोकेशन?"

"कुंभार्ली घाट."

"घाट? मतलब नदी के किनारे? सर, गाड़ी पानी में तो नहीं है?"

हसू की रडू कळेना. हिंदीत घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी कुठलं आठवायला! "पहाड़ी रास्ता" म्हटल्यावर पिनकोड मागितला. लोकेशनची लिंक पाठवली, ती उघडेना. शेवटी एक गोष्ट कामी आली. नकाशाला नेट लागतं, जीपीएसला लागत नाही. पडद्यावरचे अक्षांश-रेखांश एकेक आकडा करून वाचून दाखवले आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतले. "साठ ते नव्वद मिनिटं," असं उत्तर मिळालं.

क्रेन नेमली गेली घाटापलीकडच्या कराडहून. चिपळूण हाकेच्या अंतरावर, कराड त्याच्या दुपटीहून लांब. कोणत्या यंत्राने हे ठरवलं देव जाणे.

माझी खरी काळजी आईची होती. ती काही बोलली नाही, पण डब्याबरोबरची पाण्याची बाटली तिने उघडलीच नव्हती, त्यावरून मी काय ते समजलो. घाटात बायकांनी जायचं कुठे? एक वाजता गुहागरची एसटी आली. चालकाने दगड पाहून वेग कमी केलाच होता. कंडक्टर दारातून म्हणाला, "मावशी, बसा वर, चिपळूणला सोडतो." मामेभावाला स्टँडवर यायला कळवायचं कामही त्यानेच पोफळीत रेंज आल्यावर केलं. जाताना आईने चार पोळ्या माझ्या हातात ठेवल्या आणि बजावलं, "माकडांसमोर खाऊ नकोस."

क्रेन आली चारला दहा कमी असताना. फ्लॅटबेड होती, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारी, हे बरं झालं. पुढची चाकं उचलून ओढायच्या जुन्या क्रेनने घाटातली वळणं घ्यायची म्हणजे धाकधूकच. गाडी चढवण्याआधी मी चारही बाजूंनी फोटो काढले. जुने पोचे कोणते आणि नवे कोणते, यावरून नंतर भांडण नको. हँडब्रेक सोडला, न्यूट्रल केलं, विंचने गाडी वर ओढली, चाकांना पट्टे आवळले. हे सगळं वीस मिनिटांत. पोरगा कामाला पक्का होता.

मग म्हणाला, "कराडला नेतो, आमचं वर्कशॉप आहे." माझ्या पॉलिसीत जवळचं गॅरेज आणि पन्नास किलोमीटरपर्यंत मोफत असं स्पष्ट लिहिलं होतं. चिपळूण म्हटल्यावर "घाटाचा चार्ज दीड हजार, कॅश" निघाला. मी पुन्हा वरच्या वळणावर गेलो, त्याच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चार्ज नाहीसा झाला. राग मात्र आला नाही त्या पोराचा. सकाळपासून पोटात काही नव्हतं, दोन पोळ्या त्याने खाल्ल्या.

चिपळूणला मेकॅनिकने बॉनेट उघडून बोट दाखवलं. पट्टा आपणहून तुटला नव्हता, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग जाम होऊन त्याने तो कापला होता. आठवडाभर सकाळी गाडी चालू करताना चिरचिर आवाज येत होता, तो हाच. मी तो पावसाळी ओल समजून सोडून दिला होता.

चार दिवसांनी परतताना तेच वळण लागलं. ऊन पडलं होतं. फांदी सुकून कडेला गेली होती, पण दगड तसेच रस्त्यावर. मी गडबडीत ते उचललेच नव्हते. पुढे जागा पाहून गाडी लावली, चालत मागे आलो आणि एकेक उचलून गटारात टाकला. परत आलो तर आईने विचारलं, "किती टाकलेस?"

"चार."

"पाच होते," ती म्हणाली. मी पुन्हा मागे गेलो.