आजाऱ्याची सफरचंदं आणि बेकरीतला कॉबलर

तर झालं असं की दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं (मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याच म्हणतात). ऑपरेशन तसं साधंच, तिसऱ्या दिवशी माणूस घरी, पण कोल्हापुरात कुणी आजारी आहे हे कळायचा अवकाश, अख्खी पेठ भेटायला येते आणि येताना हातात पिशवी असतेच, आणि पिशवीत काय असतं हे मी सांगायला नको.

सफरचंद हे आपल्याकडे खायचं फळ नाहीच मुळी, न्यायचं फळ आहे. मला तर दाट संशय आहे की ओटीतल्या ब्लाऊजपीससारखी ती पण या घरातून त्या घरात फिरत असतात. आठ दिवसांत फ्रीजमध्ये ३४ सफरचंदं, भाजीचा कप्पा बंद होईना. मामांनी पहिल्या दिवशी एक फोड खाल्ली आणि म्हणाले, "पुठ्ठा खाल्ल्यागत लागतंय." विषय संपला.

खरंतर सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे सफरचंदाचा खरा सीझन, हिमाचलचा माल उतरतीला लागलेला असतो आणि काश्मीरचा जोरात असतो. आपण उन्हाळ्यात जे खातो ते कोल्ड स्टोरेजमधलं, त्याचा पिठूळपणा समजू शकतो. पण आत्ताचं सुद्धा चार दिवस टीपॉयवर उघडं पडलं की पिठूळ होतंच. मग मी ठरवलं की कॉबलर करायचा.

मामांनी विचारलं काय करतीयास, म्हटलं कॉबलर. "कॉबलर म्हंजे चप्पल शिवणारा न्हवं?" आता कोल्हापूरच्या माणसाला चपलेशिवाय दुसरं काय सुचणार. मी सांगितलं की मामा, अमेरिकेत सुरुवातीला जे लोक गेले त्यांच्याकडे धड ओव्हन नसायचा, मग लोखंडी भांड्यात फळं घालायची, वर कणकेचे गोळे टाकायचे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. ते गोळे फुगून दगडी रस्त्यासारखे दिसतात म्हणून कॉबलर हे नाव पडलं असं सांगतात, खरंखोटं कुणालाच नक्की माहीत नाही. आत्या आतून ओरडल्या, "वर-खाली इस्तू ठेवून? आमची नानकटाई तशीच हुती की!"

आणि गंमत म्हणजे आपलं हिमाचली सफरचंद पण अमेरिकनच आहे. सॅम्युएल स्टोक्स नावाचा एक तरुण १९०४ साली भारतात आला, इथलाच झाला, हिंदू धर्म घेऊन सत्यानंद झाला, आणि त्यानेच कोटगढला रेड डेलिशियसची अमेरिकन रोपं आणून लावली. म्हणजे फळ तिकडचं, पदार्थ तिकडचा, फक्त मधे हर्निया आपला.

आता कृती. मी ८ सफरचंदं घेतली, सोलून फोडी साधारण किलोभर भरल्या. फोडी फार बारीक करू नका, नाहीतर मुरंबा होतो. कापल्या कापल्या एका लिंबाचा रस, कारण एक तर काळ्या पडत नाहीत आणि दुसरं म्हणजे आपली ही लाल सफरचंदं नुसती गोड असतात, आंबटपणा नावाला नाही. तिकडच्या रेसिपीत हिरवं आंबट सफरचंद असतं, ते आपल्याकडं मिळतं पण भाव बघून मी परत ठेवते. तिकडचे लोक ब्राउन शुगर घालतात. कोल्हापुरात बसून ब्राउन शुगर विकत आणली तर अंबाबाई माफ करणार नाही, गूळ घातला, १०० ग्रॅम, किसून. जीआय टॅगवाला (म्हणजे कोल्हापूरचाच अशी सरकारी नोंद असलेला) आपला गूळ, पण नवा यायचा होता (दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात सौदे निघतात त्याचा), त्यामुळे मागच्या वर्षीचा, जरा काळपट. आणि तोच जास्त छान लागला, खमंग, थोडा काकवीसारखा. अर्धा चमचा दालचिनी, जायफळ किसून, चिमूटभर मीठ, एक चमचा कॉर्नफ्लोअर. हे सगळं कढईत दहा मिनिटं शिजवून घ्या, चांगलं रटरटू द्या. कॉर्नफ्लोअर नुसतं कोमट झालं तर घट्ट होत नाही आणि मग खाली पाणी राहतं, मी एकदा ते केलंय, सूप झालं होतं.

वरच्या गोळ्यांना दीड कप मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, तीन मोठे चमचे साखर, ८० ग्रॅम लोणी आणि भिजवायला साधारण पाऊण कप दही. लोणी थंडगार पाहिजे, दगडासारखं. पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचं, थोडे खडे राहिले तरी चालतात, राहायलाच पाहिजेत. ओव्हनमध्ये ते खडे वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि गोळा आतून हलका होतो. पण हे अमेरिकेच्या गार ऑटममध्ये ठीक आहे हो. तिथं झाडांची पानं केशरी होतात, इथं ऑक्टोबर हीटमध्ये आपणच केशरी होतो. आत्यांचं घरचं म्हशीचं लोणी, फ्रीजमधून काढल्यावर पाच मिनिटात तुपाच्या मार्गाला लागलं. मी पीठ, परात सगळंच फ्रीजरमध्ये टाकलं, म्हणजे त्यासाठी आधी तिथली सफरचंदं काढली (फ्रीजरमध्ये पण होती, कोण ठेवलं होतं देव जाणे).

गोळे टाकले, ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) १९० डिग्रीला तापवला होता, ट्रे आत सारला, आणि आठ मिनिटांत लाईट गेली.

फोन केला तर म्हणे दोन तास. खाली फोडी गरम, वर गोळे अर्धवट फुगलेले, मला रडायलाच आलं. कढईत मीठ तापवून त्यावर ठेवू म्हटलं तर ट्रे कढईत बसेना. तेवढ्यात आत्या आल्या, ट्रे फडक्यात गुंडाळला आणि चपला घालत म्हणाल्या, "चल बेकरीत. मी बोलतो त्याच्याशी." (हो, आमच्याकडं बायका 'मी बोलतो, मी येतो' म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी कमेंटमध्ये सुधारू नये.)

आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडाच्या भट्टीची जुनी बेकरी आहे. दिवाळी तोंडावर, त्यामुळे तिथं बायकांची ही रांग, प्रत्येकीच्या हातात रवा, मैदा, पिठीसाखर, तुपाचा डबा, सगळ्या नानकटाई भाजायला. त्यात आम्ही दोघी, फडक्यात वाफाळता ट्रे. बेकरीवाल्या काकांनी फडकं उचलून बघितलं. "ही काय, सफरचंदाची भाजी?"

आत्या म्हणाल्या, "अमेरिकेची नानकटाई हाय. पेशंटला पायजे." पेशंट म्हटल्यावर रांगेतल्या बायकांनी निमूट पुढं जाऊ दिलं. पेशंटला मैद्या-लोण्याचं काय पायजे असं कुणीसुद्धा विचारलं नाही.

काकांनी थर्मामीटर वगैरे काही नाही, भट्टीच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाले थांबा, आत्ता लई कडक हाय, वरनं करपंल. पाव नुकते निघाले होते. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरायला लागते, मग नानकटाईची पाळी, आणि सगळ्यात शेवटी मंद आचेवर टोस्ट. वीस मिनिटं थांबलो. मला वाटलं गोळे आता बसले, पण बेकिंग पावडर ओली झाल्यावर एकदा आणि तापल्यावर परत एकदा काम करते, तेवढ्यावर निभावलं. काकांनी लांब फळीवरनं ट्रे कडेला सारला आणि अर्ध्या तासाने बाहेर काढला तेव्हा वर सोनेरी डोंगर, आणि कडेनं गुळाचा पाक फुटून काळा, चिकट, बुडबुडे येत होते. वासाला रांग थोडी विस्कटली.

घरी आलो तरी लाईट नव्हतीच. बॅटरीच्या उजेडात खाल्लं. तिकडे वर व्हॅनिला आइस्क्रीम घालतात, आम्ही तापवलेल्या म्हशीच्या दुधाची जाड साय घातली, थोडी पिठीसाखर भुरभुरून, आणि मी तर म्हणते आइस्क्रीमपेक्षा सरस, गरम कॉबलरवर साय वितळत नाही, नुसती सैल होते. मामांनी दोन वाट्या खाल्ल्या, आणि तिसरीला आत्यांनी टाक्यांची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी एक वाटी घेऊन बेकरीत गेले, कारण काकांनी पैसे घेतले नव्हते. त्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं, मधला एक गोळा बोटांनी फोडून आत बघितलं, आणि म्हणाले, "चव बरी हाय वैनी. पण गोळं मोठं झाल्यात, मधी कच्चं ऱ्हायलंय. लिंबाएवढं टाका."

घरात अजून २६ सफरचंदं आहेत. या रविवारी लिंबाएवढे.